विमा नियामकांना खुलं पत्र: आमची ती रात्र तुमच्या कुठल्या कॉलमात बसते?

माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

प्रत माहितीसाठी: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली

स. न. वि. वि.

सर, हे पत्र तुमच्या ऑफिसला मेलने पाठवलंय, पण त्यात नुसती माझी केस होती, विमान रद्द झालं तरी प्रवास विम्याचा क्लेम नाकारल्याची, आणि केस एकटीची असली की तिला नंबर मिळतो आणि ती बंद होते. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्यासारखे बाकीचेही वाचतील, आणि त्यातले निम्मे तरी म्हणतील की अगं आमचंही सेम झालं.

आधीच सांगते, क्लेमची रक्कम ५,७४२ रुपये आहे. हसू नका. मला माहितीये की तुमच्याकडे कोटींच्या फायली येतात. पण याच किरकोळ रकमेच्या जोरावर हा सगळा धंदा चाललाय असं माझं आता ठाम मत झालंय, ते का ते पुढे येईलच.

मी चिंचवडला राहते, दहावी-बारावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. आई ७४ वर्षांची, डायबेटिस आणि बीपी दोन्ही. तिची बरीच वर्षं हरिद्वारची इच्छा होती, गंगेची आरती बघायची होती, ती यंदाच्या जानेवारीत एकदाची पूर्ण केली. थंडीत कशाला नेतेस असं सगळे म्हणत होते, पण मला क्लासमधून सुट्टी तेव्हाच मिळत होती. येताना हरिद्वारहून टॅक्सीने दिल्ली विमानतळ आणि तिथून संध्याकाळी ७:४० चं पुण्याचं विमान. रात्री दहाच्या आसपास लोहगाव, अकरा-साडेअकराला घरी वरणभात, असा प्लॅन.

तिकीट ॲपवरून काढलं होतं. शेवटच्या पानावर इन्शुरन्सचा डबा आला, माणशी २४९ रुपये, वर विमानाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात की फ्लाइटला उशीर झाला तर हॉटेल, जेवण, टॅक्सीचा खर्च माणशी ५,००० रुपयांपर्यंत मिळेल. मी सहसा असलं काही घेत नाही. पण आई सोबत होती, दिल्लीत आमचं ओळखीचं कोणी नाही, आणि जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं हे शेंबड्या पोरालाही माहितीये. म्हणजे जी भीती होती तिच्यासाठीच विमा घेतला. ४९८ रुपये भरले आणि निवांत झाले.

आता त्या रात्रीचं सांगते, जास्त लांबवत नाही. ७:४० चं ९:३० झालं, मग ११:१५, मग १२:४०. दर वेळी मेसेज यायचा की गैरसोयीबद्दल क्षमस्व. येणारं विमान दिल्लीत उतरू न शकल्यामुळे जयपूरला वळवलंय असं कोणीतरी म्हणालं. साडेदहाला एक सँडविच आणि ज्यूसचा डबा मिळाला, आईला ज्यूस चालत नाही, तिने सँडविचमधली काकडी काढून खाल्ली. आणि रात्री १:१० ला बोर्डवर लाल अक्षरात कॅन्सल्ड. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी ४:२० चं.

काउंटरवर शंभरेक माणसं. माझा नंबर आला तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी म्हटलं ज्येष्ठ नागरिक आहेत, हॉटेल द्या. तो मुलगा, वय असेल चोवीस-पंचवीस, त्याचेही डोळे लाल झालेले, म्हणाला मॅडम वेदर है, वेदर में होटल नहीं मिलता. मी म्हटलं मग लिहून द्या. तर म्हणाला सर्टिफिकेट मेल पे आएगा. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला जे पाठ करून दिलं होतं तेच तो बोलत होता.

चेक-इन बॅग परत मिळायला अजून तासभर गेला, आणि ती हवीच होती कारण रात्रीच्या गोळ्या पर्समध्ये घेतल्या होत्या, सकाळच्या बॅगेत. हा माझा गाढवपणा, मान्य. तीन वाजता टॅक्सी करून विमानतळाजवळच्या महिपालपूरला गेलो. एरोसिटीतली हॉटेलं फोनवर विचारली होती, तिथला रेट ऐकून आई म्हणाली गं इथेच खुर्चीत बसू. महिपालपूरच्या गल्लीतल्या हॉटेलात ४,२०० रुपयांना रूम मिळाली, एरवी किती असते विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला अठराशे. मग आज जास्त का? "आज कोहरा है मॅडम." एवढं प्रामाणिक उत्तर मला त्या चोवीस तासांत दुसऱ्या कोणाकडूनच मिळालं नाही.

हिशोब असा: जातानाची टॅक्सी ६००, रूम ४,२००, सकाळचा नाश्ता-जेवण ३८०, एक गोळी बॅगेतही कमी पडली ती औषधाच्या दुकानातून २१२, येतानाची टॅक्सी ३५०. एकूण ५,७४२. सगळ्याच्या पावत्या ठेवल्या, कारण मी गणिताची बाई आहे, पावती ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही.

क्लेम टाकला. बावीस दिवसांनी मेल आला, नामंजूर. कारणं तीन. तीनही मी इथे मांडते, कारण माझं खरं भांडण या तीन कारणांशी आहे, माझ्या ५,७४२ शी नाही.

कारण एक: विमानाला "उशीर" झालाच नाही

पॉलिसीत उशीर म्हणजे ६ तासांपेक्षा जास्त. आमचं विमान ५ तास ३० मिनिटांनी रद्द झालं. आणि रद्द झालेल्या विमानाला उशीर होत नाही! म्हणजे ते रद्द झालं त्या क्षणी घड्याळ बंद. दुपारी ४:२० ला जे निघालं ते वेगळं विमान, वेगळा नंबर, त्याचा आमच्या उशिराशी संबंध नाही. मग मी म्हटलं ठीक आहे, तुमच्याकडे ट्रिप कॅन्सलेशन नावाचं पण कव्हर आहे ना, त्यात द्या. तर ते कव्हर मी स्वतः प्रवास रद्द केला तरच, म्हणजे मी आजारी पडले, घरात कोणी गेलं वगैरे. विमान कंपनीने रद्द केलं तर त्यात बसत नाही.

म्हणजे सर बघा, विमान सात तास उशिरा सुटलं असतं तर पैसे मिळाले असते. आम्ही घरी पोचलो असतो, हॉटेलचा खर्चच झाला नसता, तरी क्लेम पात्र. आणि वीस तास चाळीस मिनिटं लटकलो, परक्या गावात रात्र काढली, तर पात्र नाही. माझ्या दहावीच्या पोरांनी असं उत्तर काढलं तर मी वही परत देते आणि सांगते गृहीतक चुकलंय, पहिल्यापासून कर.

गंमत म्हणजे विमान कंपनीच्या बाजूलाही असाच खड्डा आहे, म्हणून डीजीसीएला प्रत पाठवलीये. त्यांचा प्रवाशांच्या सोयींचा नियम २०१० पासून आहे, नंतर त्यात बदलही झाले. त्यात हॉटेल कधी द्यायचं? उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल तर, किंवा विमान रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारं असेल आणि उशीर ६ तासांपेक्षा जास्त असेल तर. आमचं विमान ७:४० चं. वीस मिनिटांनी हुकलं. उशीर २० तास ४० मिनिटं. तिथे तीन तास वीस मिनिटांनी हुकलं. आणि या सगळ्यातून पार झालो असतो तरी वर हवामानाची पळवाट आहेच. अशी चाळणी कोणी मुद्दाम केली नसेल, पण भोकं बरोबर प्रवाशाच्या मापाची पडलीयेत.

कारण दोन: कारण बसत नाही

हे सगळ्यात जास्त झोंबलं. काउंटरवर वेदर म्हणाले होते, आठवतंय ना. चार दिवसांनी मेलवर जे सर्टिफिकेट आलं त्यात लिहिलंय "ऑपरेशनल रीझन्स". आणि माझ्या पॉलिसीत उशिराची जी कारणं चालतात त्यांची यादी आहे: खराब हवामान, विमानातला तांत्रिक बिघाड, संप. ऑपरेशनल नाही त्यात. म्हणजे हॉटेल मागितलं तेव्हा ते धुकं होतं, आणि विमा मागितला तेव्हा ते ऑपरेशनल झालं. एकाच रात्रीची दोन कारणं, आणि दोन्ही वेळा पैसे माझेच.

मी विमान कंपनीला फोन केला, की बाबांनो सर्टिफिकेट दुरुस्त करून द्या. त्यांनी सांगितलं सिस्टीममध्ये जे आहे ते आहे. विमा कंपनीला म्हटलं तुम्हीच विचारा त्यांना. ते म्हणाले कागदपत्रं पुरवणं ही ग्राहकाची जबाबदारी. आता मी चिंचवडला बसून जयपूरला वळलेल्या विमानाचं कारण कसं सिद्ध करू? माझ्याकडे काय रडार आहे?

आणि खरं कारण शोधणं इतकं सोपं असतं का हेही सांगा. धुकं पडलं म्हणजे सगळीच विमानं अडकतात असं नाही. दिल्लीला कॅट थ्री यंत्रणा आहे, अगदी ५० मीटर दिसत असलं तरी उतरता येतं, पण विमान त्या लायक पाहिजे आणि पायलटचं तसं ट्रेनिंग पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनेच दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला होता, का, तर धुक्याच्या दिवसांत दिल्लीला असे ट्रेनिंग झालेले पायलट ड्युटीवर लावले नव्हते म्हणून. मग त्या दिवशी जे प्रवासी अडकले त्यांचं कारण काय लिहायचं, हवामान की ऑपरेशनल? दोन्ही खरं. डिसेंबर २०२५ आठवा, पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम नोव्हेंबरपासून लागू झाले होते आणि डिसेंबरात काही दिवसांत हजारो विमानं रद्द झाली, लोक बॅगांच्या ढिगात झोपले, शेवटी सरकारला तिकिटाच्या भाड्यावर मर्यादा घालावी लागली. "क्रू नाही" हे कारण माझ्या पॉलिसीच्या यादीत मी भिंग घेऊन शोधलं, सापडलं नाही.

प्रवाशाला कारणाशी काय घेणंदेणं आहे हो? मी विमा कारणाचा काढला नव्हता. रात्री राहायची सोय व्हावी म्हणून काढला होता.

अजून एक, धुकं हे काही अचानक आलेलं संकटही नाही. आमच्या पुण्यातल्या पाषाणची आयआयटीएम, हवामानशास्त्राची संस्था, तिथले लोक २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर उपकरणं लावून धुक्याचा अभ्यास करतायत. पुण्याच्या माणसांना दिल्लीचं धुकं कळतं, विमा काढून देणाऱ्या ॲपला कळत नाही असं मी मानायला तयार नाही. कळत होतं म्हणूनच तर तो डबा दाखवला.

कारण तीन: हॉटेलच्या पावतीवर जीएसटी नंबर नाही

यावर फार लिहीत नाही. पहाटे तीन वाजता ७४ वर्षांच्या बाईला घेऊन मी हॉटेल निवडत होते, करसल्लागार नव्हे. आणि वर्षाला २० लाखांच्या आत धंदा असलेल्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागतच नाही साधारणपणे, हा कायदा आहे. म्हणजे कायदा ज्या हॉटेलला नंबर घे म्हणत नाही, त्या हॉटेलात झोपल्याची शिक्षा मला. विमा कंपनीची भीती मला कळते, खोटी बिलं लावणारे लोक असतात, आपल्याकडे तर असतातच. पण माझा बोर्डिंग पास आहे, रद्दचा मेसेज आहे, दुसऱ्या दिवशीचा बोर्डिंग पास आहे, रूमचे पैसे यूपीआयने दिल्याची नोंद आहे पहाटे ३:२६ ची. एवढ्यावर जर विश्वास बसत नसेल तर मग नंबरवाल्या बिलावर तरी का बसावा.

आता तुमच्याकडे का आले ते. कारण विमान कंपनीवर तुमचा ताबा नाही पण या विम्यावर आहे. आणि तुम्ही आधी चांगली कामं केलीत हे मला शोधताना कळलं. २०१९ मध्ये तुम्हीच सांगितलंत की तिकिटाच्या पोर्टलवर प्रवास विम्याची टिक आधीपासून मारून ठेवायची नाही. नंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची नियमावली काढली, १३ प्रकार आहेत त्यात, आणि विमा न घेणाऱ्याला "मी असुरक्षितच राहीन" अशा अर्थाचं बटण दाबायला लावणं हे त्यात चक्क उदाहरण म्हणून दिलंय. म्हणजे विमा गळ्यात मारू नका, इथपर्यंत सरकार आलं. पण ज्याने स्वतःच्या मर्जीने, समजून उमजून, पैसे देऊन घेतला त्याला तो मिळतो का, हे कोण बघणार? टिक मारायचं स्वातंत्र्य मिळालं, टिक मारून काय मिळतं ते मात्र ३८ पानी इंग्रजी पीडीएफमध्ये, आणि ती पीडीएफ पैसे भरल्यावर मेलवर येते.

या सगळ्याला उपाय काय म्हणाल तर तो बाहेरून आणायची गरज नाही, आपल्या शेतात आहे. माझा मामेभाऊ तासगावला, द्राक्षाची बाग आहे. त्याचा हवामान आधारित फळपीक विमा असतो. त्यात कोणी बागेत येऊन घड मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या तारखांमध्ये ठरल्यापेक्षा जास्त पाऊस किंवा ठरल्यापेक्षा कमी तापमान नोंदलं गेलं की भरपाई लागू, नाहीतर नाही. त्यालाही शिव्या देतात लोक, केंद्र एका बाजूला आणि पाऊस दुसऱ्या बाजूला असं होतं, पैसे यायला उशीर होतो, भावाकडून मी हे दर दिवाळीला ऐकते. पण निदान त्याला कोणी विचारत नाही की पाऊस ऑपरेशनल होता का.

विमानाची तर त्याहून सोपी गोष्ट आहे. विमान किती वाजता निघायचं होतं, किती वाजता निघालं, रद्द झालं का, हे मिनिटासकट विमानतळाकडे नोंदलेलं असतं. किती प्रवाशांना उशिराचा, रद्दचा फटका बसला आणि त्यांच्यावर कंपन्यांनी किती खर्च केला याचे आकडे डीजीसीए दर महिन्याला छापतं. माहिती सगळी आहे. द्राक्षाच्या घडाचा विमा पंचनाम्याशिवाय चालतो तर माणसाच्या रात्रीचा का चालू नये?

मी जे मागतेय ते एका वाक्यात: तास मोजू नका, कारण मोजू नका, रात्र मोजा. आता सविस्तर.

१. देशांतर्गत प्रवास विम्यात "अडकलेली रात्र" असं एक साधं कव्हर प्रत्येक कंपनीला ठेवायला लावा. व्याख्या मी देते: मूळ वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी मध्यरात्रीच्या आत पोचणार होता आणि प्रत्यक्षात त्याला मिळालेलं विमान, मग ते तेच असो की दुसरं, पहाटे ५ नंतर सुटलं, तर ती एक रात्र. उशीर झाला, रद्द झालं, वळवलं, काहीही असो. शब्दांत काही चूक असेल तर तुमच्याकडे हुशार माणसं आहेत, दुरुस्त करा.

२. कारणांची यादी काढून टाका. प्रवाशाने स्वतः विमान चुकवलं असेल तर देऊ नका, ते योग्यच आहे. विमा घ्यायच्या आधीच विमान रद्द झाल्याचं जाहीर झालं असेल तरी देऊ नका. बाकी कारण काहीही असलं तरी द्या. आणि कारणच हवं असेल तर विमा कंपनीने ते थेट विमान कंपनीकडून मागवावं, ग्राहकाला मधे टपाल्यासारखं पळवू नये.

३. रक्कम ठरलेली ठेवा, रात्रीला माणशी अमुक. प्रीमियम त्याप्रमाणे लावा, थोडा वाढला तरी चालेल. बिलं मागू नका. मग माणूस महिपालपूरला झोपो, एरोसिटीत झोपो नाहीतर खुर्चीत बसून पैसे वाचवो, तो त्याचा प्रश्न.

हे तिसरं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या रात्री आमच्यासोबत रांगेत एक नगरकडचं जोडपं होतं, दोन वर्षांचं पोर कडेवर. त्यांनीही विमा घेतला होता. पण आधी खिशातून घाला आणि मग बिल लावा असं असल्यावर ज्याच्या खिशात नाही त्याने काय करायचं? ते रात्रभर टर्मिनलच्या फरशीवर शाल अंथरून बसले. त्यांचं बिलच नाही, म्हणजे क्लेमही नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज होती त्याला विम्याने शून्य दिले, आणि तेही नियमाला धरून.

४. विकतानाच, पैसे भरायच्या आधी, त्याच स्क्रीनवर पाच ओळीत मराठीत सांगायला लावा की काय मिळेल आणि काय मिळणार नाही. आरोग्य विम्याला जानेवारी २०२४ पासून सोप्या शब्दांतलं माहितीपत्रक तुम्हीच सक्तीचं केलंत ना, ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेत. तेच इथे करा. हॉटेलचा खर्च मिळेल हे पाच सेकंदांत कळेल असं दाखवता येतं तर "रद्द झालं तर नाही" हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात दाखवता येईल.

५. तिकिटासोबत विकलेल्या या छोट्या पॉलिसींचे किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले, नाकारण्याची कारणं काय, हे कंपनीवार वेगळं जाहीर करा.

आणि डीजीसीएला एकच मागणी. ते रात्री ८ चं कलम बदला. विमान सुटायचं कधी होतं यापेक्षा प्रवासी रात्रभर अडकला का ते बघा. हवामान असलं तरी जेवण आणि डोक्यावर छप्पर द्यायला लावा, नुकसानभरपाई नका देऊ पाहिजे तर. युरोपात २००४ च्या नियमात हे दोन वेगळे ठेवलेत. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली तेव्हा एक बाई पोर्तुगालला आठवडाभर अडकली होती, तिचा हॉटेल-जेवणाचा खर्च विमान कंपनीनेच द्यायचा असं २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं. ज्वालामुखीपेक्षा मोठं निमित्त कुठलं असणार? आमचं तर नुसतं धुकं होतं.

तर आता सुरुवातीला म्हटलं होतं त्या किरकोळ रकमेबद्दल. मला ओळखीच्या एकाने सांगितलं की पाच-सहा हजारांसाठी एवढं कोणी करतं का, सोडून दे. बरोबर आहे त्याचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभर थांबा, तुमच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाका, मग विमा लोकपालाकडे जा. लोकपालाचं ऑफिस पुण्यातच आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, हे सगळं चांगलं आहे. पण पाच हजारांसाठी क्लास बुडवून तिथे कोण जाणार? कंपनीला हे माहितीये. नाकारण्याचा खर्च एक मेल, आणि भांडण्याचा खर्च माझे चार दिवस. या हिशोबात नाकारणं कायमच स्वस्त पडतं. म्हणून मी जाणार आहे. तक्रार विभागाला लिहून महिना कधीच होऊन गेलाय, उत्तर आलंय ते पहिल्याच मेलची कॉपी. पुढच्या सोमवारी लोकपालाकडे अर्ज देतेय, तो दिवस क्लासला सुट्टी, मुलं खूश आहेत.

पण लोकपालाने मला ५,७४२ मिळवून दिले तरी त्या नगरच्या जोडप्याचं काही होणार नाही, आणि येत्या डिसेंबरात पुन्हा धुकं पडेल तेव्हा पुन्हा कोणीतरी काउंटरवर वेदर ऐकेल आणि मेलवर ऑपरेशनल वाचेल. ते तुम्हीच थांबवू शकता. नियम बदलायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण हिवाळा यायला अजून काही महिने आहेत, तेवढ्यात मसुदा तरी काढा आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवा. मी पहिली पाठवीन.

ज्यांच्या बाबतीत असं झालंय त्यांनी नामंजुरीचा मेल डिलीट करू नका, आणि कारण कुठलं दिलंय ते खाली लिहा. कंपनीचं नाव लिहायची गरज नाही, कारण पुरे.

आपली,
दोन पॉलिसींची ग्राहक आणि एका आईची मुलगी, चिंचवड

ता. क. महिपालपूरच्या हॉटेलवाल्याला मी परवा फोन केला होता की बाबा बिलावर जीएसटी नंबर टाकून पाठवशील का. तो म्हणाला मॅडम, नंबर है ही नहीं तो कहाँ से दूँ, कहो तो मुहर लगा देता हूँ. दहा मिनिटांत शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो आला, खाली विचारलं होतं, माताजी ठीक हैं ना. पावतीचा तो फोटो अर्जाला जोडतेय.